गोऱ्यांतला वेगळा रकाना

मुहूर्त साडेदहाचा होता, सकाळचे साडेआठ वाजत होते, आणि शॉमबर्गच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रल्हाद साळुंखे शिडीवर चढून कागदी झेंडूचं तोरण बांधत होता. त्रेसष्टाव्या वर्षी शिडीवर चढू नये, असं त्याला तिघांनी सांगून झालं होतं. पण मुलाचा साखरपुडा काही रोज नसतो, आणि आज प्रल्हादला कुणी विमानातून उडी मार म्हटलं असतं तरी त्याने ती मारली असती.

“डावीकडे घे. अजून थोडं. अरे, आता जास्त झालं!” खालून वीणा ओरडली. तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात पिनांची डबी, आणि नेसलेल्या शालूचा पदर तिने कंबरेला असा खोचला होता की लग्न तिचंच असावं.

“प्रल्हादराव, खाली उतरलात की दोन मिनिटं द्या,” कोपऱ्यातल्या टेबलावरून अरुण म्हणाला. “तुमचा फॉर्म अर्धा राहिलाय.”

अरुण कारखानीस हा वीणाचा थोरला भाऊ. बायकोला, म्हणजे इलाला, शेजारी बसवून हर्नडनहून बारा तास ड्राइव्ह करून आला होता आणि येताना आहेरापेक्षा जड ओझं घेऊन आला होता: कारखानीस घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती. रिटायर झाल्यापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. या आवृत्तीत पहिल्यांदाच लेकींच्या शाखा छापल्या जाणार होत्या. म्हणजे वीणा येणार, ईशान येणार, आणि ईशानची होणारी आयरिश बायकोही येणार. प्रत्येकाला एक माहितीपत्रक होतं. मूळ गाव, कुलदैवत, तीन पिढ्यांचा व्यवसाय.

“देतो, देतो,” प्रल्हाद म्हणाला. हे तो दोन वर्षं म्हणत होता.

न देण्याचं कारण या हॉलमध्ये फक्त वीणाला ठाऊक होतं. प्रल्हाद घिसाडी होता. गाढवावर ऐरण आणि भाता लादून गावोगाव फिरणाऱ्या, गावाबाहेर पाल ठोकून विळे-खुरपी घडवणाऱ्या लोकांतला. बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि आई घण मारायची, कारण त्यांच्यात घण बाईनेच मारायचा असतो. पुण्यात इंजिनियरिंगला आल्यावर साळुंखे आडनाव कामी आलं. लोक आपणहून मराठा समजले आणि प्रल्हादने त्यांना समजू दिलं. वीणाला लग्नाआधी त्याने सगळं सांगितलं होतं. ती तेव्हा म्हणाली होती, “मला काही फरक पडत नाही. पण आमच्या घरी नको सांगूस.” त्याला तेहतीस वर्षं झाली. मुलगा झाला तेव्हा त्यालाही सांगायचं राहिलं, आणि राहिलेली गोष्ट नंतर सांगायला फार अवघड होऊन बसली. ईशानच्या लेखी आजोबा पुण्यात शाळामास्तर होते आणि लवकर वारले.

तोरणाची शेवटची गाठ मारून प्रल्हाद उतरतो न उतरतो तोच हॉलचं दार धाडकन उघडलं.

“बाबा! झालं! बाबा, झालं!”

नोरीन आली होती. पैठणी नेसून, केसांत गजरा माळून, दोन्ही हातांत एक भलं मोठं खोकं सावरत ती जवळजवळ पळतच आली. तिच्या मागून ईशान, एक हात तिच्या पाठीशी धरून, ती पदरात अडकून पडली तर झेलायच्या तयारीत. नोरीन वॉर्ड मूळची आयर्लंडमधल्या गॉलवेची. आठ वर्षांपूर्वी नर्स म्हणून शिकागोला आली आणि तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या मोडक्या पायापाशी ईशानला भेटली. ईशानकडून तिने जे मराठी उचललं होतं ते ती खणखणीत आवाजात आणि अजिबात न लाजता वापरायची. प्रल्हादला ती पहिल्या भेटीतच आवडली होती.

तिने खोकं टेबलावर ठेवून उघडलं. आत केक होता. पांढऱ्या आयसिंगवर चॉकलेटने एक चौकोन काढलेला, चौकोनात लाल रंगाची मोठी टिक, आणि पुढे ठळक इंग्रजी अक्षरांत ‘आयरिश ट्रॅव्हलर’.

“हॉस्पिटलमधल्या मुलींनी काल रात्रभर जागून केला,” ती धापा टाकत इंग्रजीत म्हणाली. “काल पाच वाजता ईमेल आला. काउंटीच्या आरोग्य खात्याने मान्य केलं! पुढच्या सर्व्हेमध्ये आमचा रकाना! चौदा महिने, बाबा. चार सुनावण्या!”

“अरे वा!” प्रल्हाद म्हणाला. काय झालंय ते त्याला कळलं नव्हतं, पण पोरीचा चेहरा असा फुलला होता की आनंद व्हायला तेवढं पुरेसं होतं. “कसला रकाना?”

“तुम्ही फॉर्म भरता तेव्हा एशियन इंडियन म्हणून टिक करता ना? मी ‘व्हाइट’वर टिक करते. त्याच्याखाली लिहिलेलं असतं: जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन. मी आयरिशवर टिक करते. पण मी आयरिशांतही वेगळी आहे. आम्ही ट्रॅव्हलर. आमची बोली वेगळी, आमची लग्नं वेगळी, आमचे आजारसुद्धा वेगळे. आमची माणसं लवकर मरतात, बाबा, आणि इथे ते कुणी मोजतच नाही, कारण फॉर्मवर आम्ही फक्त गोरे.”

“म्हणजे तुम्ही लोक खूप ट्रॅव्हल करता?” इलाने भाबडेपणाने विचारलं.

नोरीन खळखळून हसली. “करायचो, मामी! माझे आजोबा घोडागाडीत जन्मले. शेकडो वर्षं रस्त्यावर. गावाबाहेर मुक्काम, डबे-बादल्या जोडायच्या, घोडे विकायचे आणि पुढच्या गावाला जायचं. आयर्लंडच्या सरकारने २०१७ साली मान्य केलं की आम्ही वेगळा समाज आहोत. त्या दिवशी माझी आई रडली होती. आणि इथे सुनावणीत समितीचा एक मेंबर मला विचारतो, ‘पण मॅडम, तुम्ही तर गोऱ्या. गोऱ्यांत कसली आलीय मायनॉरिटी?’”

“मग तू काय म्हणालीस?” वीणाने विचारलं.

“ती म्हणाली, तुम्ही मला गावात कधी राहू दिलंय का ते विचारा, रंग नका विचारू,” ईशान म्हणाला. त्याचा आवाज अभिमानाने चढला होता. “इट वॉज सो कूल, आई. आय हॅव द व्हिडिओ.”

प्रल्हादच्या हातातली सुतळीची गुंडी खाली पडली आणि टेबलाखाली घरंगळत गेली. ती उचलायला तो वाकला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

अरुण मात्र उभा राहिला होता. केककडे, मग नोरीनकडे, मग हातातल्या माहितीपत्रकाकडे त्याची नजर फिरली. काल रात्रीच त्याने त्यात पेनाने लिहून ठेवलं होतं: ‘वॉर्ड घराणे, गॉलवे. बहुधा सरदार वंश.’ इंटरनेटवर त्याला गॉलवेच्या कुठल्याशा किल्ल्याचा फोटो सापडला होता.

“प्रल्हादराव,” तो हळूच म्हणाला, “जरा आत या.”

हॉलमागच्या पॅन्ट्रीत श्रीखंडाचे डबे आणि पेढ्यांचे खोके रचून ठेवले होते. अरुणने दार लोटून घेतलं.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“नाही. आत्ताच कळलं.”

“आयरिश आयरिश म्हणून मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलोय हो! आणि हे भटके निघाले. आपल्याकडे ते गाडीवर बिऱ्हाड घेऊन हिंडतात ना, रस्त्याच्या कडेला विळे-कोयते ठोकत बसतात, काय म्हणतात त्यांना... घिसाडी! तसलाच प्रकार आहे हा. तिथले घिसाडीच.”

प्रल्हादने पेढ्यांचा एक खोका उचलला आणि दुसऱ्या खोक्यावर नीट बसवला. मग पुन्हा उचलला.

“मुलगी चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही,” अरुण म्हणाला. तो दुष्ट नव्हता, आणि हीच त्याची अडचण होती. प्रत्येक गोष्टीत तो मनापासून भलंच चिंतायचा. “साखरपुडा होऊ दे, लग्न होऊ दे. फक्त आज साठ माणसांपुढे हे कशाला? मी दोन्ही घरांची ओळख करून देणार आहे. ‘गॉलवेचं जुनं कुटुंब’ एवढंच म्हणतो. केक आतच ठेवू. नंतर कापता येईल घरच्या घरी. काय म्हणता?”

काय म्हणणार! साठ वर्षांच्या आयुष्यात प्रल्हादने या प्रश्नाची उत्तरं पाठ केली होती. ‘घिसाडघाई नको’ असं ऑफिसातला पुण्याचा सहकारी म्हणायचा तेव्हा हसायचं. जातीचा विषय निघाला की चहा आणायला उठायचं. आणि आज, घरात येणाऱ्या सुनेला तेच करायला लावायचं?

“बघू,” तो म्हणाला. त्या शब्दाची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

अरुणने तो होकार धरला. इलाला हाक मारून त्याने केक आत आणायला सांगितलं.

प्रल्हाद बाहेर आला तर हॉलमध्ये नुसता उत्साह चालला होता. ईशानचे दोन मित्र स्पीकर लावत होते, वीणा ओटीच्या ताटात नारळ मांडत होती, आणि नोरीन फोनवर कुणाला तरी तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. दाराजवळच्या खुर्चीत मात्र एक बाई कोटाची सगळी बटणं लावून, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. नोरीनची आई, कॅथलीन. परवाच गॉलवेहून आली होती. आल्यापासून ती कुणाशी दहा वाक्यंही बोलली नव्हती आणि वीणाने ते ‘गोऱ्या लोकांचा थंडपणा’ म्हणून सोडून दिलं होतं.

प्रल्हाद तिच्याशेजारी बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, “चहा आणू का तुमच्यासाठी?”

“मिस्टर साळुंखे,” ती समोर बघत म्हणाली, “हॉलवाल्यांना सांगितलंय का कुणी?”

“काय सांगायचंय?”

“आम्ही कोण ते.”

त्याला कळेना. तिचं इंग्रजी भराभरा आणि गिळल्यासारखं यायचं. तिने मग सावकाश सांगितलं. थोरल्या मुलीच्या लग्नाला आठ महिने आधी हॉटेल बुक केलं होतं. लग्नाच्या सकाळी मॅनेजरचा फोन आला की पाइप फुटलाय, सगळीकडे पाणी झालंय, माफ करा. चर्चमधून येताना ते त्याच रस्त्याने आले. हॉटेलचे सगळे दिवे लागलेले होते आणि आत दुसऱ्या कुणाची पार्टी चालू होती. आडनावावरून त्यांना कळलं होतं, हे ट्रॅव्हलर. मग दीडशे माणसांनी एका गोदामाच्या पार्किंगमध्ये उभ्याने जेवण केलं, आणि मुलगी पांढऱ्या झग्यात गाडीच्या बॉनेटवर बसून हसत होती, कारण रडली असती तर बापाने जाऊन हॉटेल फोडलं असतं.

“नोरीन लहान आहे. तिला वाटतं, कागदावर ओळ आली की झालं,” कॅथलीन म्हणाली. “मी तिला काल रात्रीच सांगितलं, आज नको बोलूस. गॉलवे म्हण आणि गप्प बस. तुमच्या मिसेसचे ते भाऊ सभ्य आहेत. केक आत नेताना पाहिला मी. त्यांना जे म्हणायचंय ते म्हणू द्या.”

ते भाऊ आणि ही आई, दोघं एकच मागत होते.

“तुमचे वडील काय करायचे?” त्याने विचारलं.

“पत्र्याचं काम. बादल्या, पेले, दुधाची भांडी. फुटक्या भांड्यांना डाग द्यायचे. घोड्याचे नाल ठोकायचे.”

“आणि भाता कोण ओढायचं?”

प्रश्न तोंडातून सुटून गेला. भात्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, पण हातानेच त्याने तो ओढून दाखवला. खांद्यातून, मनगट सैल ठेवून, शेवटी एक छोटा झटका देऊन.

कॅथलीनने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं.

“मी,” ती म्हणाली. “सात वर्षांची असल्यापासून. तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी मेटलर्जी शिकलोय. इंजिनियर.”

“हो?” ती म्हणाली. “कॉलेजात शिकवतात हे?”

तिने पर्स उघडून रुमाल काढला आणि काही न पुसता परत ठेवला. पुढे काही विचारलं नाही. ज्याला लपवायचंय त्याला विचारू नये, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दहा वाजेपर्यंत हॉल भरला. पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागली, पोरं पळापळ करू लागली, अत्तर आणि कॉफीचा वास एकमेकांत मिसळला. प्रल्हाद वीणाला शोधत कोट ठेवायच्या खोलीत गेला. ती तिथे एकटीच उभी होती.

“दादाने सांगितलं मला,” ती म्हणाली. “केक आत नेलाय.”

“वीणा, मी काय करू?”

“मला विचारू नकोस.” ती इतक्या झटक्यात बोलली की तो मागे सरला. मग तिचे डोळे भरून आले. “तेव्हा मीच तुला गप्प बस म्हटलं होतं. सव्वीस वर्षांची होते, घाबरले होते. त्याच्यापायी तू तुझ्या आईच्या शेवटाला गेला नाहीस, कारण पाहुण्यांना काय सांगणार होतो आपण? तेव्हापासून मला रोज वाटतं, आज बोलेल हा. तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आता मी तुला गप्प बस म्हणणार नाही. बोल असंही म्हणणार नाही. दादा उठून गेला तर जाऊ दे, तेवढं मात्र सांगते.”

आणि नाक पुसून, पदर सारखा करून ती पाहुण्यांना ‘या, या!’ करायला निघूनही गेली.

साडेदहाला ईशान आणि नोरीन पाटावर बसले. अरुणने माईक हातात घेतला. त्याचा आवाज छान होता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याने स्वागत केलं, दोन विनोद केले, लोक हसले.

“आता दोन्ही घरांची ओळख. मुलाकडचे साळुंखे, मूळचे पुण्याचे. ईशानचे आजोबा तिथे नामांकित शिक्षक होते. आणि मुलीकडचे वॉर्ड, आयर्लंडमधल्या गॉलवेचं जुनं, खानदानी कुटुंब...”

टाळ्या पडल्या. नोरीनने ईशानकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून तिला अर्थ सांगितला. तिने टेबलाकडे पाहिलं. पेढे होते, फुलं होती, साखरेचा पुडा होता. केक नव्हता. मग तिने आईकडे पाहिलं आणि आईने अगदी बारीक मान हलवली, गप्प बस अशी. नोरीनने ओठ घट्ट मिटले. चार सुनावण्यांत न डगमगलेली मुलगी पाटावर अंग चोरून बसली.

ते मात्र प्रल्हादला बघवेना. असं अंग चोरून बसणं त्याला चांगलं माहीत होतं. तो जागेवरून उठला. का कोण जाणे, त्याला एकदम मोकळं वाटत होतं.

“अरुणराव, माईक द्या जरा.”

“अहो, आता अंगठी...”

“द्या.”

माईक हातात आल्यावर त्याने तो टिचकी मारून पाहिला. लोक वाट बघत होते. कुणीतरी फोन वर धरून रेकॉर्ड करायला लागलं.

“अरुणरावांनी जे सांगितलं ते चुकीचं आहे. त्यांची काही चूक नाही. मीच त्यांना खोटं सांगितलं, तर ते तरी काय वाचणार? साळुंखे पुण्याचे नाहीत. माझे वडील शिक्षक नव्हते, त्यांना सही येत नव्हती. आम्ही घिसाडी. भटक्या जमातीतले. आम्हाला मूळ गाव नाही. फलटण ते इंदापूर, सगळ्या गावांच्या बाहेर आमचं पाल पडायचं. माझा बाप लोहारकाम करायचा. माझी आई घण मारायची. आठवा महिना लागेपर्यंत मारायची. मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, अमेरिकेत आलो आणि हे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती म्हणून.”

मग कॅथलीनकडे वळून त्याने तेच इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते चार वाक्यांत संपलं.

“आणि ही मुलगी खानदानी आहेच,” तो पुन्हा मराठीत म्हणाला. “तिने भर सभेत सांगितलं आपण कोण ते, आणि सरकारला लिहायला लावलं. मला माझ्या मुलालाही सांगता आलं नाही. तिचा केक कुठे आहे? तो बाहेर आणा. आधी तो कापायचा.”

अरुणचा चेहरा पांढराफटक पडला होता. पॅन्ट्रीत आपण काय बोललो ते त्याला आठवत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. “वीणा,” तो कसाबसा म्हणाला, “हे तुला...”

“लग्नाआधीपासून, दादा,” वीणा म्हणाली आणि येऊन प्रल्हादच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

कोंडी फोडली ती इलाने. चाळीस वर्षं नवऱ्याच्या मागून चालणारी इला कुणाला न विचारता पॅन्ट्रीत गेली, केक घेऊन आली आणि मधल्या टेबलावर पेढ्यांच्या पुढे ठेवला. मग नवऱ्याच्या हातात त्याचं पेन देत म्हणाली, “घ्या लिहून. केव्हाचे मागे लागला होतात ना माहिती द्या, माहिती द्या म्हणून?”

कुणीतरी फुस्सकन हसलं. मग टाळी वाजली, मागच्या रांगेतून, नागपूरच्या एका तरुण जोडप्याकडून. ती दोघं इतक्या जोरात वाजवत होती की त्यांचंही काही सांगायचं राहिलं असावं. हळूहळू सगळा हॉल वाजू लागला. सगळ्यांनीच मनापासून वाजवली असं नाही. दोन-तीन चेहरे चांगलेच आंबट झाले होते, पण टाळ्या त्यांनाही वाजवाव्या लागल्या. अरुण पेन हातात धरून तसाच उभा होता. मग तो प्रल्हादपुढे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सकाळी मी जे बोललो...” वाक्य पुरं झालं नाही. प्रल्हादने त्याचा हात दाबला. सगळं मिटलं असं नव्हतं, पण तो उठून गेला नव्हता.

कॅथलीन मात्र कोटाची बटणं काढत होती. एकेक करून सगळी काढली, कोट खुर्चीवर टाकला, आणि आतल्या जांभळ्या चमकदार ड्रेसमध्ये ती ताठ चालत आली. “इंजिनियर म्हणे!” असं म्हणून तिने प्रल्हादच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि मग त्याला असं कवटाळलं की त्याचा चष्मा वाकडा झाला. नोरीन एकाच वेळी हसत आणि रडत होती. पैठणीचा पदर कधीच सुटला होता.

फक्त ईशान हसत नव्हता. तो पाटावरून उठून बापासमोर येऊन उभा राहिला.

“बाबा, यू टोल्ड मी ही वॉज अ टीचर. मी कॉलेजच्या एसेमध्ये लिहिलं होतं ते.”

“हो.”

“आजीचं नाव काय होतं? खरं नाव.”

“गिरजा.”

“फोटो?”

“नाही काढला कधी कुणी.”

ईशानने मान वर केली. त्याला राग आला होता आणि तो बरोबर होता. “मग कोणीच नाहीये आता? मला सांगायला? एनिबडी?”

प्रल्हादने वीणाकडे पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं. गेल्या दिवाळीत एका पुतण्याने त्याला फेसबुकवर हुडकून काढलं होतं आणि एक नंबर पाठवला होता. तो नंबर त्याने जपून ठेवला होता आणि कधी लावला नव्हता.

“भाऊ आहे. थोरला. जगन्नाथदादा.”

“अलाइव्ह?”

“हो.”

“कॉल हिम,” ईशान म्हणाला. “आत्ता, बाबा. अंगठी नंतर.”

तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले असतील. खेड्यात निजानीज. प्रल्हादने नंबर लावला आणि ईशानने फोन स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली. साठ माणसं फोनभोवती गोळा झाली. आता कुणी उचलत नाही असं वाटेपर्यंत ती वाजली, आणि मग एक घोगरा आवाज आला.

“कोन हाय?”

“दादा,” प्रल्हाद म्हणाला आणि त्याची सगळी पुणेरी भाषा कुठच्या कुठे गेली. “दादा, म्या पल्हाद.”

पलीकडे खाट करकरली.

“पल्ल्या?”

“व्हय. दादा, ईशानचा साखरपुडा हाय आज. आत्ता चाललाय.”

“कोन ईशान?”

एकतीस वर्षांचं पोर त्याच्यासमोर उभं होतं आणि त्याच्या सख्ख्या चुलत्याला त्याचं नावही माहीत नव्हतं. वीणाने पदर तोंडाला लावला. ईशानने बापाच्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि आपल्या अमेरिकन मराठीत, एकेक शब्द नीट जुळवत, मोठ्याने म्हणाला, “मी ईशान, काका. तुमच्या भावाचा मुलगा. गिरजाआजीचा नातू.”

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, कुणाला तरी हाका मारल्याचा, आणि फोनवर तो घोगरा आवाज एकदम तरुण होऊन ओरडला, “थांब पोरा, फोन ठिवू नगंस! समद्यांना उठिवतो!”